कार्ड खरं, पण माणूस? : स्मार्ट कार्ड आणि सहीची पडताळणी



आपल्या उर्से टोलनाक्यावर फास्टॅग वाचला गेला की गाडी पुढे जाते. यंत्र ओळखतं ते टॅगला. गाडी कोण चालवतंय हे त्याला कळत नाही. कार्डाचंही तसंच आहे. कार्ड खरं असलं तरी ते मालकाच्याच हातात आहे, हे कसं ठरवायचं? त्यासाठी पिन, बोटाचा ठसा किंवा सही लागते.

पूर्वी काय होतं?
जुन्या मराठी कागदांवर पाटील नांगराची निशाणी करत. शिवकालीन पत्राच्या शेवटी मर्यादा मुद्रा उमटवत, म्हणजे त्याखाली कोणाला मजकूर वाढवता येत नसे.

सही कशी तपासतात?
१. नोंदणी : मालक सही-पॅडवर अनेक वेळा सही करतो. त्यांवरून तयार झालेला नमुना कार्डाच्या चिपमध्ये साठवतात.
२. मोजणी : नुसता आकार नाही, तर पेनाचा वेग, दाब, रेघांचा क्रम, पेन कुठे उचललं हेही मोजतात.
३. तुलना : नवी सही नमुन्याशी ताडून पाहतात. फरक ठरलेल्या मर्यादेत असेल तर सही मान्य होते.

पॅन कार्डवर सहीचं फक्त चित्र असतं. चित्राची नक्कल सरावाने जमते. हाताची लय उचलणं फार अवघड. शिवाय नमुना कार्डातच राहिला तर सगळ्यांच्या सह्या एका ठिकाणी साठवाव्या लागत नाहीत.

मग अडचण कुठे?
आपली सही रोज थोडी बदलते. मर्यादा सैल ठेवली तर नकली सही पास होते. कडक ठेवली तर खरा माणूस नापास होतो. हात थरथरणारे आजोबा, उशिरा सही शिकलेली आजी यांना हा त्रास जास्त होतो. म्हणून सोबत दुसरा मार्ग हवाच. सही जुळली नाही म्हणजे माणूस खोटा, असं नव्हे!

आपल्या देशात दुकानात डेबिट कार्ड वापरताना पिन टाकणं १ डिसेंबर २०१३ पासून सक्तीचं झालं. पिन बदलत नाही, पण तो दुसऱ्याला सांगता येतो. सहीची लय सांगता येत नाही.

उपक्रम : वहीत स्वतःची सही पाच वेळा करा. दोन सह्या अगदी सारख्या आल्या का?

विचार करा : पेन्शनच्या रांगेत आजीची सही जुळली नाही, तर तिची ओळख आणखी कशी पटवता येईल?