दातांची तार आणि फ्लोराइड

आपल्या हॉस्टेलवर मजल्यागणिक एखादा तरी ब्रेसेसवाला असतोच. लोणावळ्यात राहून बिचाऱ्याला चिक्की बंद! चिक्कीने तार वाकली तर निदान दिसते तरी, फ्लोराइडचं काम दिसत नाही. आमच्या मजल्यावर एकाने 'माउथवॉशने तार सडते' असं कुठेतरी ऐकलं आणि फ्लोराइडची टूथपेस्टसुद्धा सोडली. म्हणून हा लेख.

सुरुवातीला बसवतात ती तार बहुधा निकेल-टायटॅनियमची, म्हणजे नितिनॉल. त्यातलं 'नॉल' म्हणजे अमेरिकेची नेव्हल ऑर्डनन्स लॅबोरेटरी. (आयएनएस शिवाजीच्या शेजाऱ्यांना हे आवडावं!) जॉर्ज अँड्रिसेन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ती दातांसाठी वापरात आणली.

टायटॅनियम सहसा गंजत नाही, कारण त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आपोआप बसतो. ओरखडा पडला तरी पुन्हा बसतो. पण हायड्रोफ्लोरिक ॲसिडपुढे तो विरघळतो. आता फर्स्ट इयरची केमिस्ट्री आठवा. या ॲसिडचा पीकेए सुमारे ३.२. ढोबळ हिशोब केला तर पीएच ७ ला दहा हजार फ्लोराइडपैकी जेमतेम एक-दोन या ॲसिडच्या रूपात असतात. पीएच ३.५ ला मात्र शंभरात तीसेक! म्हणजे एकट्या फ्लोराइडने फारसं बिघडत नाही, आंबटपणाची जोड मिळाली की बिघडतं. थर गेला की हायड्रोजन धातूत शिरतो आणि तार ठिसूळ होते. पृष्ठभाग खडबडीत होऊन ब्रॅकेटमध्ये घर्षणही वाढतं, दात सरकायला वेळ लागतो.

दवाखान्यात लावतात त्या ॲसिडयुक्त जेलमध्ये १.२३ टक्के, म्हणजे १२,३०० पीपीएम फ्लोराइड असतं आणि पीएच साडेतीनच्या आसपास. रोजच्या ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइडच्या माउथवॉशमध्ये फक्त सुमारे २२५ पीपीएम. शिवाय प्रयोगशाळेत तार तासन्‌तास बुडवून ठेवतात, तोंडात लाळ सगळं धुऊन नेते.

तेव्हा पेस्ट सोडू नका. ब्रॅकेटभोवती प्लाक साचून पांढरे डाग पडतात, ते ब्रेसेस काढल्यावरही राहतात. तार काय, डॉक्टर बदलतातच. जेल लावायची वेळ आली तर तार कुठली आहे ते विचारा आणि न्यूट्रल जेल चालेल का हेही विचारा. स्टीलच्या तारेला फ्लोराइडचा त्रास त्या मानाने कमी. बीटा-टायटॅनियमच्या तारेत टायटॅनियम तीन चतुर्थांशाहून जास्त, तिथे जास्त जपायचं. आणि माउथवॉशच्या बाटलीवर क्लोरहेक्सिडीन लिहिलं असेल तर ती गोष्टच वेगळी. त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात, म्हणून डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस वापरा.