निर्वासित, विस्थापित, स्थलांतरित : शब्दभेद आणि समानुभूती



आपल्यापैकी काही जण शिक्षक आहेत, तर काही पालक. शाळकरी मुलांना 'निर्वासित' हा शब्द समजावून देताना आपण सहसा 'घरदार सोडून आलेले लोक' असा अर्थ सांगून पुढे जातो. या अर्थात ऊसतोडीला गेलेले कुटुंब बसते आणि नोकरीसाठी पुण्याला गेलेला काकाही बसतो. इतक्या सैल अर्थातून मुलांच्या मनात फार तर दया उपजते. समानुभूतीसाठी शब्दांकडे अधिक बारकाईने पाहावे लागते.

'स्थलांतरित' म्हणजे ज्याने स्थळ बदलले तो. पोटासाठी का होईना, तो गेला आणि त्याच्या परतीची वाट बहुधा खुली असते. 'विस्थापित' हा मात्र जागेवरून हलवला गेलेला असतो. नांदुरा तालुक्यात पूर्णा नदीवरील जिगाव प्रकल्पामुळे ज्यांची गावे बुडीत क्षेत्रात आली, ते विस्थापित होत. त्यांचे गाव जाते, देवळाचा पार जातो. पण भाषा, रेशनकार्ड आणि मताचा हक्क जवळ राहतो. मोबदल्यासाठी भांडायला समोर आपलेच सरकार असते. निर्वासिताला हा आधार नसतो. जिच्याकडे दाद मागावी, त्या सत्तेच्याच भयाने, किंवा ती रक्षण करीत नाही म्हणून, तो सीमा ओलांडतो.

'निर्वासित' हा शब्द माणसाने काय गमावले ते सांगतो, तर 'शरणार्थी' हा तो काय मागतो ते. फाळणीनंतर आलेल्यांपैकी अनेकांना हा दुसरा शब्द बोचत असे. ते स्वतःस 'पुरुषार्थी' म्हणवीत. नावावरचा हा झगडा मुलांना चटकन उमजतो. नको असलेले नाव चिकटल्याचे दुःख वर्गात कोणी ना कोणी भोगत असतेच.

बुलढाण्यातील शिक्षकाने जिगावपासून आरंभ करावा, हे स्वाभाविक आहे. परंतु पुनर्वसित गावठाणातून आलेले मूल वर्गात असेल, तर त्याला उभे करून 'तुला कसे वाटले ते सांग' असे विचारू नये. त्याचे दुःख हे आपले शैक्षणिक साहित्य नव्हे. त्याने आपणहून सांगितले तर मात्र सर्वांनी ऐकावे.

गाव सुटणे कळल्यावर देश सुटणे कळावे, यासाठी कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीचे उदाहरण घेता येईल. १९४० पासून पूर्व पोलंडमधील असंख्य कुटुंबांना सोव्हिएत राजवटीने सैबेरिया व मध्य आशियात हद्दपार केले. १९४१ नंतर सुटका झालेल्यांपैकी काही जण इराणमार्गे भारतात आले. १९४३ मध्ये वळिवडे येथे वसलेल्या छावणीत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक. तेथे पोलिश भाषेतून शिकवणाऱ्या शाळा होत्या, कारण युद्ध संपताच परतायचे होते. युद्ध संपले, पण पूर्व पोलंडचा तो प्रदेश सोव्हिएत संघाकडेच राहिला. अनेक कुटुंबे मग ब्रिटन व अन्य देशांत पांगली. त्यांच्यामागून त्याच छावणीत सिंधी निर्वासित आले; आजचे गांधीनगर ते हेच. सिंध प्रांत संपूर्ण पाकिस्तानात गेल्याने, जेथे आपली भाषा घराबाहेरही बोलली जाईल असे राज्य त्यांना भारतात उरले नव्हते.

'पळताना पिशवीत कोणत्या पाच वस्तू घ्याल?' हा वर्गातील प्रचलित प्रश्न प्रस्तुत लेखकास फारसा उपयुक्त वाटत नाही. मुले सहलीची तयारी करावी तशी यादी करतात. त्याऐवजी शाळेच्या दाखल्याचा कोरा नमुना द्यावा आणि वळिवड्याच्या छावणीतील दहा वर्षांच्या मुलीच्या वतीने तो भरण्यास सांगावे. जन्मस्थळ, मातृभाषा, पूर्वीची शाळा, कायमचा पत्ता. मुले 'कायमचा पत्ता' या रकान्यापाशी थांबतील. तेथे घाईने उत्तर सुचवू नये.

स्वाध्याय
१. 'निर्वासित', 'विस्थापित' व 'स्थलांतरित' या शब्दांतील अर्थभेद आपल्या परिसरातील उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. आपल्या तालुक्यात बाहेरून येऊन वसलेल्या एखाद्या कुटुंबातील ज्येष्ठ व्यक्तीशी, तिची संमती घेऊन, संवाद साधा. ती व्यक्ती स्वतःसाठी कोणता शब्द वापरते, याची नोंद करा.
३. वरील दाखल्याचा नमुना प्रथम स्वतः भरा. कोणता रकाना कोरा राहिला व का, ते दहा ओळींत लिहा.