तिखट तळू नको, राजा

राजा, झणझणीत तळलेली कोंबडी घरी करायची म्हणतोस, तर पहिले हे ध्यानात ठेवजो: तिखट तळायचं नसते. वरच्या पिठात लाल तिखट मिसळून कढईत सोडलं, का कोंबडी शिजायच्या आत ते काळं पडते अन् कडू लागते. मंग म्हणशील, कोंबडी बिघडली.

आपल्या सावजी स्वयंपाकाकडे पाह्य. हातमागावर बसणाऱ्या हलबा कोष्टी लोकांचा तो स्वयंपाक. त्याची सारी करामत तर्रीत, म्हणजे वर तरंगणाऱ्या लाल तिखट तेलात आहे. मिरचीचा जाळ पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो. म्हणून तळलेल्या कोंबडीलाही तिखट दोनदाच द्यायचं, आधी आतून अन् शेवटी वरून. मधल्या पिठात वेगळं तिखट नाही, फक्त मीठ.

कोंबडी. एक किलो, हाडासकट घेजो. जमलं तर स्किन ठेवायला सांगजो. तंगडीला हाडापर्यंत दोन-तीन चिरा दे, अन् फडक्याने कोरडी कर. ओली कोंबडी कढईत गेली, का तेल अंगावर उडते.

मुरवण. किलोला 15 ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे सपाट अडीच चमचे. वाटीभर आंबटसर दही, दोन चमचे आलं-लसूण अन् दोन चमचे भिवापुरी तिखट. ही मिरची आपल्याच नागपूर जिल्ह्यातली, तिला भौगोलिक मानांकनही आहे. सहा-आठ तास मुरू दे, पण फ्रिजमधे. नागपूरचा उन्हाळा 45 अंशांवर जाते; ओट्यावर ठेवशील तर कोंबडी नासेल.

पीठ. दोन वाट्या मैदा, अर्धी वाटी तांदळाचं पीठ, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा मीठ. मुरवणाचंच दोन-तीन चमचे दही पिठावर शिंपडून बोटांनी चोळजो. त्या बारीक गाठीच तळल्यावर कुरकुरीत पापुद्रे होतात. तुकडे दाबून घोळव अन् पंधरा मिनिटं ताटात राहू दे. पीठ ओलसर झालं म्हणजे कढईत सुटत नाही.

तेल. तळायला शेंगदाण्याचं घेजो. जुनी सावजी चव जवसाच्या तेलाची, हे खरं. पण ते लवकर धुरते, तळणाला चालत नाही. कढई अर्धीच भरायची. तेल 170 अंशांवर ठेव. थर्मामीटर नसेल तर पिठाचा कण टाकून पाह्य: लगेच वर आला, पण काळा पडला नाही, तर तेल तयार. एका वेळी तीन-चार तुकडेच, नाहीतर तेल थंड होते अन् पीठ तेल पिते. तंगडीला बारा-चौदा मिनिटं लागतात. हाडाजवळ 74 अंश झाले म्हणजे शिजली. दहा मिनिटं जाळीवर ठेव, मंग आच वाढवून दोन मिनिटं पुन्हा तळ. आतली वाफ बाहेर येऊन साल मऊ पडली असते, ती या दुसऱ्या तळणाने कडक होते. तेलाने पेट घेतला तर गॅस बंद करून झाकण टाकजो. पाणी कधीच नाही.

तर्री. वाटीत तीन चमचे तिखट, एक चमचा सावजी मसाला, चिमूटभर मीठ. तळणाचं पाच-सहा चमचे तेल गाळून मिनिटभर थांब. मंग तिखटाची चिमूट टाकून पाह्य. फसफसली अन् लालच राहिली, तर सारं तेल वाटीत ओत. थंड झाल्यावर चमचाभर जवसाचं तेल घालजो. चव इथे येते. खायच्या ऐन वेळी ब्रशने तुकड्यांवर चोपड. अमेरिकेतल्या नॅशविल गावचे लोकही तळून झाल्यावरच असं तिखट तेल लावतात.

ताटात. कांदा, लिंबू अन् ताक. तोंड पोळलं तर पाणी पिऊन फायदा नाही, ताक पी. दुधातलं प्रथिन तिखटाला धरून नेते.

पाहुणे असले तर तर्री हलक्या हाताने लाव अन् वाटी मधे ठेवजो. ज्याला पाहिजे तो आणखी घेईन. चोपडलेलं तिखट काही परत काढता येत नाही, बाप्पा.