महापूर मोजावा कसा?

२४ जुलै १९८९ रोजी अंबा नदीच्या महापुराने जांभूळपाडा व नागोठणे परिसरात मोठी जीवितहानी झाली. असा पूर टाळता येत नाही. पण मोजलेल्या पुराशी जुळवून शेतीचे नियोजन करता येते.

पूर का चढतो?
अंबा, भोगावती, कुंडलिका या नद्या सह्याद्रीवरून थोड्या अंतरात खाली येतात. एक चौरस किलोमीटरवर १ मि.मी. पाऊस म्हणजे १,००० घनमीटर पाणी. १०० चौरस किलोमीटरवर तासात १०० मि.मी. पडला, तर ते १ कोटी घनमीटर होते. जमीन आधीच भिजलेली असल्यास बहुतेक पाणी नदीत येते. त्याच वेळी खाडीला उधाण असेल, तर पाणी खलाटीत तुंबते.

उंची म्हणजे विसर्ग नव्हे
विसर्ग म्हणजे पात्राचा छेद गुणिले वेग. पात्र ५० मीटर रुंद व सरासरी ४ मीटर खोल असेल, तर छेद २०० चौरस मीटर. वाहत्या ओंडक्याने ५० मीटर अंतर २५ सेकंदांत कापले, तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला २ मीटर. सरासरी वेगासाठी ०.८५ ने गुणावे. विसर्ग सेकंदाला ३४० घनमीटर येतो. भरतीने पाणी अडले, तर कमी विसर्गातही तेवढीच उंची दिसते. निरीक्षण सुरक्षित, उंच जागेवरूनच करावे. पुरात उतरू नये.

गावाने ठेवावयाच्या नोंदी
१. पूर ओसरताच पक्क्या भिंतीवरील गाळाच्या रेषेवर रंगाने खूण करून तारीख व वेळ लिहावी.
२. पर्जन्यमापकावर रोज सकाळी ८.३० वाजता पाऊस मोजावा.
३. तिथी व भरतीची वेळ टिपावी.

‘शंभर वर्षांचा पूर’
याचा अर्थ शंभर वर्षांतून एकदाच येणारा पूर नव्हे. तसा पूर येण्याची शक्यता दरवर्षी १ टक्का असते. ३० वर्षांत एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. म्हणून यंदा पूर आला, आता काळजी नाही, असे समजू नये.

नोंदींचा उपयोग
बियाणे, खते व पंप सर्वांत उंच खुणेच्या वर ठेवावेत. गुरे हलविण्याची जागा पावसाळ्यापूर्वीच ठरवावी. लावणी वाहून गेल्यास उपयोगी पडावीत म्हणून थोडी रोपे वरकस जमिनीवर राखून ठेवावीत. भिंतीवरील तारीखवार खूण पुढच्या पिढीलाही सावध करील.