संशोधन रुग्णांच्या सोबतीने

'संशोधन' म्हटले की मोठ्या शहरातील प्रयोगशाळा डोळ्यांपुढे येते. दुखणे ज्याचे, त्याला त्यात कोणी विचारत नाही, अशीच समजूत असते. आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्याने मात्र वेगळी वाट दाखवली आहे.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे 'सर्च' संस्थेचे काम सुरू केले. वसा आणि अमिर्झा या गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी झाली. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. हा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. गावातील बायकांनी विश्वास टाकला नसता, तर हे दुखणे झाकलेलेच राहिले असते.

दवाखान्याचेही तसेच. मोठ्या इमारतीची, पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते. नातेवाईकांना जवळ राहू देत नाहीत, असे आदिवासींनी सांगितले. म्हणून शोधग्राम येथील दवाखाना गोंडी वस्तीसारखा, झोपड्यांचा बांधला गेला आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले.

नवजात बाळांचा प्रश्न सर्वांत कठीण होता. १९९५ पासून ३९ गावांत थोडे शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्यात आले. त्या गावच्या दाईसोबत बाळंतपणाला हजर राहत. बाळाचे वजन घेणे, त्याला ऊब देणे, श्वास सुरू करणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध व इंजेक्शन देणे ही कामे त्या घरीच करीत. प्रत्येक बाळाची नोंदही ठेवीत. तुलनेसाठी ४७ गावे होती. तिसऱ्या वर्षी, त्या गावांच्या मानाने, नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये हे जगापुढे आले. २०११ पासून आशाताई देशभर बाळंतिणीच्या घरी भेटी देतात, त्यामागे हाच अनुभव आहे.

एका संस्थेचे निष्कर्ष इतरत्र लागू पडतात का, हाही प्रश्न असतो. त्यासाठी महाराष्ट्रातील १३ स्वयंसेवी संस्था एकत्र आल्या. आपापल्या भागातील बालमृत्यू त्यांनी एकाच पद्धतीने मोजले. २००१ चा 'कोवळी पानगळ' हा अहवाल त्यातून निघाला. संशोधकांचा समाज तयार होतो तो असा. त्याला प्रश्न एक लागतो, नोंदीची रीत एक लागते आणि श्रेय वाटून घेण्याची तयारी लागते.

वरोऱ्यात हे शक्य आहे काय? मला वाटते, आहे. सिकलसेलचे उदाहरण घेऊ. विदर्भात हा आजार बराच आढळतो. हातपाय का दुखतात, हे आम्ही डॉक्टर सांगू शकतो. पण दुखणे कोणत्या ऋतूत, कोणत्या कामानंतर उठते, शाळा किती बुडते, सोयरीक जुळवताना काय सोसावे लागते, हे रुग्ण आणि त्याची आईच सांगू शकते.

सुरुवात अशी करता येईल :

१) डॉक्टर, आशाताई, परिचारिका, शिक्षक आणि रुग्ण यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे.
२) प्रश्न रुग्णांनी निवडावा.
३) सर्वांनी एकाच नमुन्याची वही ठेवावी.
४) नोंद संमतीनेच घ्यावी, नाव गुप्त ठेवावे. पद्धतशीर अभ्यास करायचा झाल्यास नीतिसमितीची मंजुरी घ्यावी.
५) निष्कर्ष आधी गावाला सांगावेत, मग बाहेर.

शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा. माहिती घेऊन गेलेला माणूस परत आलाच नाही, की गाव पुढच्या वेळी तोंड उघडत नाही.

वाचकांनी आपल्यापुरते एवढे करावे. दुखणे केव्हा सुरू झाले, कशाने वाढते, कशाने थांबते, हे कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्यावे. मुख्य म्हणजे, या दुखण्यामुळे आपले कोणते काम अडते, तेही सांगावे. आशाताई बाळ पाहायला आल्या, तर दारातूनच परत पाठवू नये. त्यांच्या वहीतली एक ओळ उद्या दुसऱ्या घरचे बाळ वाचवू शकते.