पालेभाज्यांना पूरक प्रकाश : आधी मोजमाप, मग दिवे

आषाढ-श्रावणात उघड्यावरील मेथी, कोथिंबीर व पालक पावसाच्या माऱ्याने सडतात आणि बाजारात पालेभाज्यांची टंचाई भासते. हरितगृहाचे प्लॅस्टिक आच्छादन हा मारा अडविते. परंतु ढगांमुळे आधीच मंदावलेला प्रकाश त्याने आणखी घटतो. परिणामी रोपे उंच व किरकोळ वाढतात, पाने पातळ राहतात आणि त्यांत नायट्रेटचे प्रमाण वाढते. ही उणीव विजेच्या दिव्यांनी भरून काढणे म्हणजे पूरक प्रकाश देणे होय.

उणीव किती?

प्रकाशसंश्लेषणासाठी वनस्पती मुख्यत्वे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतात. दिवसभरात एका चौरस मीटरवर असा किती प्रकाश पडला, हे 'मोल' या एककात मोजतात. हरितगृहातील लेट्यूससाठी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने दररोज १७ मोल हे प्रमाण सुचविले आहे. साधा लक्समापक मानवी डोळ्यास जाणवणारा उजेड मोजतो. म्हणून या कामी प्रकाशसंश्लेषी प्रकाशाचे मापक वापरावे.

मोजणीपूर्वी आच्छादनावरील धूळ व शेवाळ धुऊन काढावे आणि उन्हाळ्यात ओढलेली सावलीची जाळी बाजूस सारावी. या दोन कामांना वीज लागत नाही.

खर्चाचा हिशोब

चांगला एलईडी दिवा एक युनिट विजेत सुमारे १० मोल प्रकाश देतो. रोजची तूट ५ मोल असल्यास प्रत्येक चौरस मीटरला अर्धा युनिट, म्हणजे एका गुंठ्यास रोज सुमारे ५० व महिन्यास १,५०० युनिट वीज लागेल. यास्तव संपूर्ण हरितगृह एकदम उजळण्याऐवजी रोपवाटिकेपासून आरंभ करावा. तेथे थोड्या जागेत पुष्कळ रोपे असतात.

दिवसाची लांबी

कॉर्नेल येथेच लिबर्टी हाइड बेली यांनी हरितगृहातील पिकांवर विजेच्या आर्क दिव्यांचे प्रयोग केले व १८९१ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. लेट्यूस लवकर तयार झाले. पालक मात्र पाने भरण्याऐवजी बियांवर गेला. पालक हे दीर्घ दिवसाचे पीक आहे. दिवे रात्री उशिरापर्यंत चालू ठेवल्यास त्यास फुलोरा येतो व भाजी वाया जाते. म्हणून पालकास ढगाळ दिवशी दिवसाउजेडीच पूरक प्रकाश द्यावा. शेवंतीच्या हरितगृहात रात्री दिवे लावतात, ते कळ्या लांबविण्यासाठी. तो मंद प्रकाश भाजीची वाढ साधण्यास पुरेसा नाही.

हरितगृहातील हवा दमट असल्याने जलरोधक दिवे, योग्य भूसंपर्क व गळती-प्रवाह रोधक स्विच अत्यावश्यक आहेत. जोडणी परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावी.

गावपातळीवरील प्रयोग

ग्रामपंचायत सदस्य व कृषी कर्मचाऱ्यांनी एखाद्या होतकरू शेतकऱ्याच्या हरितगृहात दोन सारखे वाफे निवडावेत. एकावर दिवे लावावेत, दुसरा तसाच ठेवावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून रोजच्या प्रकाशाची, विजेच्या युनिटांची व काढणीच्या वजनाची नोंद करवून घ्यावी. वाढलेल्या भाजीची किंमत वीज व दिव्यांच्या खर्चाहून अधिक भरली, तरच पुढील वाफ्यावर दिवे न्यावेत. कर्ज काढण्यापूर्वी अशी एका हंगामाची वही हाती असेल, तर शेतकऱ्याचा निर्णय स्वतःच्या अनुभवावर उभा राहील.