भाषेचा विद्यार्थी : हेतू, सवय आणि हातचे काम

पेण आणि रोहा या रायगड जिल्ह्यातील दोन तालुक्यांत दहावी-बारावीच्या निकालानंतर शाखानिवडीची जी चर्चा घरोघरी चालते, तिच्यात भाषाविषयांना बहुधा शेवटची जागा मिळते. विज्ञानाला गुण कमी पडले, वाणिज्यात मन रमेना, तेव्हा ‘निदान बी.ए. तरी होऊ दे’ असे म्हणून मराठी, हिंदी किंवा इंग्रजी घेतली जाते आणि ‘पुढे मास्तरकी मिळाली नाही तर काय?’ हा प्रश्न पालकांच्या मनात ठाण मांडून बसतो. ही काळजी रास्त आहे, कारण अध्यापनाची वाट बी.एड., टीईटी किंवा नेट-सेट आणि त्यानंतर भरतीची लांबलचक प्रतीक्षा यांतून जाते. तथापि पदवीचे नाव काय, यापेक्षा पदवीच्या वर्षांत विद्यार्थ्याने ती भाषा कोणासाठी आणि किती नियमाने वापरली, यावर त्याचे पुढचे बरेचसे अवलंबून असते, आणि त्याबद्दल घरात क्वचितच विचारणा होते.

भाषाशिक्षणातील प्रेरणेचा पद्धतशीर विचार कॅनडातील रॉबर्ट गार्डनर आणि वॉलेस लॅम्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी केला आणि 1972 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात प्रेरणेचे दोन प्रकार मांडले: नोकरी, परीक्षा किंवा परदेशगमन यांसाठी भाषा शिकणे ही साधनात्मक प्रेरणा, तर ती भाषा बोलणाऱ्या माणसांच्या जवळ जाण्याच्या ओढीने शिकणे ही समरसतेची प्रेरणा. पहिली हलकी आणि दुसरी थोर असे मानण्याचे कारण नाही. फी भरणाऱ्या घराला साधनात्मक प्रेरणा बाळगण्याचा पूर्ण हक्क आहे. मात्र परीक्षा लांब असली की ती मंदावते आणि परीक्षा झाली की संपते, हा अनुभव शिक्षकांना नवा नाही. दुसऱ्या प्रकारच्या प्रेरणेचे ठळक उदाहरण पेण तालुक्यातच सापडते. गागोदे येथे 11 सप्टेंबर 1895 रोजी जन्मलेल्या विनोबा भावे यांच्या आईला संस्कृत गीता कळत नसे आणि ती मराठीत असावी, अशी तिची इच्छा होती. 1918 मध्ये आई गेली, तरी 1930-31 मध्ये ‘गीताई’ लिहिताना ती इच्छाच विनोबांच्या मनाशी होती. पुढे वेल्लोरच्या तुरुंगात त्यांनी दक्षिणेतील चारही प्रमुख भाषांचा अभ्यास केला आणि 1951 पासूनच्या भूदान पदयात्रेत तो कामी आला. कोणत्याही पालकाने मुलाकडून अशा तपश्चर्येची अपेक्षा करू नये. इतकेच लक्षात घ्यावे की या सगळ्या अभ्यासामागे कोणीतरी ऐकणारे होते, आणि तसा एखादा ऐकणारा किंवा वाचणारा अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यालाही मिळवून देता येतो.

हेतू असला तरी सवयीवाचून तो टिकत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवले की नवे पाठ केलेले सुरुवातीच्या काही तासांतच झपाट्याने विसरले जाते आणि त्यानंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून अंतरा-अंतराने केलेली उजळणी एका बैठकीतील घोकंपट्टीपेक्षा अधिक टिकते. या तत्त्वावर सेबास्टियान लाइटनर यांनी 1972 मध्ये चिठ्ठ्यांच्या पेटीची पद्धत सुचवली. जाड कागदाच्या चिठ्ठीवर एका बाजूस नवा शब्द किंवा वाक्प्रयोग आणि दुसऱ्या बाजूस त्याचा अर्थ व स्वतः रचलेले एक वाक्य लिहावयाचे. पेटीचे पाच कप्पे करावयाचे. आठवलेली चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते, चुकलेली पुन्हा पहिल्यात येते, आणि पहिला कप्पा रोज तर पुढचे कप्पे वाढत्या अंतराने उघडावयाचे. बुटांच्या रिकाम्या खोक्यात हे साधते. पनवेल किंवा दिव्याकडे जाणाऱ्या गाडीत रोह्याच्या विद्यार्थ्याचा जो वेळ जातो, तो पहिल्या कप्प्यासाठी पुरेसा आहे. यातील खरी मेहनत चिठ्ठी उलटण्यापूर्वी आठवण्याची असते. गाइडमधील उत्तरांखाली रंगीत रेघा ओढणारा विद्यार्थी ती टाळतो, आणि पुस्तक मिटल्यावर त्याच्याजवळ फारसे काही उरत नाही.

सर्जनशील उपक्रम म्हटले की महाविद्यालयांत निबंधस्पर्धा, काव्यवाचन आणि मराठी भाषा दिनाची भित्तिपत्रके एवढेच डोळ्यांपुढे येते. ते वाईट नाहीत, परंतु त्यांना वाचक बहुधा परीक्षकच असतो. पेणमध्ये याहून सकस साहित्य हाताशी आहे. पेण शहर आणि हमरापूर, जोहे या गावांतील गणपतीच्या कारखान्यांतून मूर्ती राज्यभर आणि परदेशांतही जातात. अशा मूर्तीसोबत जाणाऱ्या एका पानाच्या माहितीपत्रकाचा विचार करावा. मूर्ती शाडूची आहे की प्लास्टरची, खोक्यातून ती कशी बाहेर काढावी, हात वा सोंडेला धरून का उचलू नये, दमट हवेत रंगाची काळजी कशी घ्यावी, शाडूची मूर्ती घरी बादलीत विसर्जित करावयाची तर पाणी व वेळ किती लागेल, हे सारे मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लिहावयाचे. त्यासाठी विद्यार्थ्याला प्रथम कारखान्यात बसून कारागिराला प्रश्न विचारावे लागतात, साचा आणि डोळ्यांची आखणी यांसारखे शब्द तो कसे वापरतो ते टिपावे लागते, मग मुंबईतील गुजराती कुटुंब आणि न्यू जर्सीतील मराठी कुटुंब यांना कोणती गोष्ट सांगावी लागेल आणि कोणती आधीच ठाऊक असेल याचा निवाडा करावा लागतो. पहिला खर्डा कारखानदाराला वाचून दाखवला की बहुधा निम्मी वाक्ये खोडली जातात. वर्गातील दहा निबंधांत न मिळणारे शिक्षण त्या खोडण्यात मिळते.

रोह्याला धाटावची औद्योगिक वसाहत आहे आणि तेथे रासायनिक कारखाने आहेत. कामगारांसाठीच्या वैधानिक सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावाव्यात, ही तरतूद 1948 च्या कारखाना अधिनियमातच होती. अशा सूचनेचे मराठी शब्दकोश उघडून केलेले, बोजड आणि संदिग्ध असेल, तर नुकसान गुणांचे होत नाही, माणसाच्या हातापायांचे होते. यंत्रानुवादाने अनुवादकाची नोकरी जाईल का, ही जी भीती पालक हल्ली व्यक्त करतात, तिचे उत्तरही येथेच शोधावे लागते: पहिला खर्डा यंत्र करू लागले आहे आणि केवळ खर्डे करून देणाऱ्याचे काम खरोखरच घटेल, परंतु ‘झडप बंद ठेवा’ आणि ‘झडप बंद करा’ यांतला फरक ओळखून मजकुराची जबाबदारी घेणारा संपादक लागतोच.

याखेरीज लग्नात धवलारिणी गातात ती आगरी गीते त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करून लिहून काढणे, किंवा कातकरी वाडीतील बालवाडीसाठी तेथील मोठ्या माणसांच्या मदतीने कातकरी-मराठी चित्रकथा तयार करणे, हेही भाषेच्या विद्यार्थ्याचेच काम आहे. अशा कामांचे तारखांसह आणि दुरुस्त्यांसह जपलेले बाड प्रकाशनसंस्था, उपशीर्षके करणाऱ्या कंपन्या किंवा वृत्तसंस्था यांच्यापुढे ठेवता येते. ते नसेल, तर नुसती एम.ए. पदवी जोडून परिस्थिती फारशी पालटत नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

भाषेवर सगळा भार टाकण्याची ज्या घरांना धास्ती वाटते, त्यांनी चिंतामणराव देशमुख यांचा क्रम पाहावा. त्यांचे बालपण रोह्यात गेले, 1912 च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि त्यांना संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. त्यानंतर केंब्रिजमध्ये त्यांनी निसर्गविज्ञान घेतले, सनदी सेवेत शिरले, 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि त्याच पदावर असताना ‘मेघदूता’चा मराठी अनुवाद केला. वाणिज्य किंवा परिचर्या शिकत असताना एखादी भाषा नेटाने जोडीला घेण्याचा हा मार्ग आज अधिकच व्यवहार्य झाला आहे. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला, त्यात परिचारिकांसारख्या व्यवसायांना जर्मन येणे आवश्यक ठरते. युरोपीय भाषांचे प्रावीण्य ए-1 ते सी-2 अशा सहा पायऱ्यांत मोजले जाते आणि परिचर्येसाठी साधारणपणे बी-1 किंवा बी-2 मागतात. म्हणजे ए-1 चे प्रमाणपत्र घेऊन थांबलेल्याचा पैसा बहुतांशी वाया जातो, हे शुल्क भरण्यापूर्वी घरात बोलले गेले पाहिजे.

हिंदीच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी बँकांतील राजभाषा अधिकाऱ्याचे पद हा एक निश्चित मार्ग आहे, पण त्याची अट प्रवेशाच्या वेळीच पाहावी लागते: हिंदीच्या पदव्युत्तर पदवीबरोबर पदवीला इंग्रजी हा विषय असावा लागतो. पहिल्या वर्षी सोपे पडेल म्हणून इंग्रजी वगळून दुसराच विषय घेतलेल्या विद्यार्थ्याला ही अट पाच वर्षांनंतर, जाहिरात हातात आल्यावर कळते, आणि तेव्हा विषय बदलता येत नाही.